पत्र: सर्व्हे नक्की कोणाचा केला ते पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

सरकारी ऑफिसातलं वर्क कल्चर आणि कर्मचाऱ्यांमधली विविधता यावर तुमच्याकडे आलेला लेख वाचला, चांगला आहे, पण "सर्व्हे केला की खरं चित्र समोर येतं" हे त्यातलं वाक्य काही पचलं नाही म्हणून लिहितेय. मी लोकप्रशासनाची विद्यार्थिनी, सध्या अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणजे बीएलएम या सरकारी जमीन खात्यावर काम करतेय, कारण तिथले रिपोर्ट घरबसल्या वाचायला मिळतात (गाईडनी एका फटक्यात हो म्हटलं, मलाच धक्का बसला).

हे खातं १९४६ साली दोन जुनी खाती एकत्र करून तयार झालं. ताब्यात साधारण २४.५ कोटी एकर जमीन, म्हणजे आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त, आणि ती बहुतेक सगळी पश्चिमेकडच्या राज्यांत आणि अलास्कात. चराईचे परवाने, तेल-गॅसची लीज, खाणी, मोकाट घोडे, वणवे, सगळं यांच्याच गळ्यात आणि माणसं त्या मानाने अगदीच थोडी. त्यामुळे कित्येकांचं ऑफिस म्हणजे एक पिकअप ट्रक आणि सोबत दोन-तीन जण, जवळचं गाव तासन्‌तास लांब. आता अशा ठिकाणी साहेबाने त्रास दिला तर तक्रार करायची कोणाकडे आणि करून परत दुसऱ्या दिवशी त्याच ट्रकमध्ये त्याच्याच शेजारी बसायचं, हे डोळ्यासमोर आणून बघा म्हणजे फॉर्मवरचं "तुम्ही समाधानी आहात का, १ ते ५ मध्ये सांगा" किती हास्यास्पद आहे ते कळेल.

बीएलएम ज्या इंटिरियर मंत्रालयाखाली येतं त्याच्याखाली नॅशनल पार्क सर्व्हिस म्हणजे राष्ट्रीय उद्यानांचं खातं पण येतं. तिथे ग्रँड कॅन्यनमध्ये नदीवर कामासाठी लांबच्या बोट ट्रिपा असायच्या. त्यात बायकांना वर्षानुवर्षं त्रास झाला, नाही म्हणणाऱ्या बाईला बोटवाले जेवण द्यायचे नाहीत, कामाच्या जागी न्यायला टाळाटाळ करायचे असं चौकशीत निघालं. हे कोणत्याही सर्व्हेतून बाहेर आलं नाही बरं का, २०१४ मध्ये १३ आजी-माजी कर्मचाऱ्यांनी थेट मंत्र्यांना पत्र लिहिलं तेव्हा कुठे चक्रं फिरली, चौकशीचा रिपोर्ट जानेवारी २०१६ मध्ये आला आणि मग २०१७ मध्ये मंत्रालयाने सगळ्या खात्यांत मोठा सर्व्हे घेतला. त्यात ३५ टक्के लोकांनी सांगितलं की गेल्या वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा त्रास झाला. सगळ्यात जास्त प्रमाण वयावरून टोमणे-छळ, त्याच्या खालोखाल बाई-पुरुष यावरून. वयाचा मुद्दा तर आपण "विविधता" म्हणताना मोजतच नाही, तो सर्व्हेमुळे कळला हे मान्य, म्हणजे सर्व्हे अगदीच फुकट नसतो.

पण त्या १३ जणांच्या पत्रातला "माजी" हा भाग सोडू नका. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा जो नेहमीचा मोठा सर्व्हे होत आलाय तो कायम नोकरीवाल्यांसाठी, सीझनल लोक त्यात धरतच नाहीत. आणि बीएलएममध्ये वणवे विझवणारे, कॅम्पग्राउंड सांभाळणारे, झाडं-प्राणी मोजणारे यांच्यातले बरेच सीझनल असतात. वर्षाला १०४० तासांच्या आत काम, मग घरी, पुढच्या वर्षी परत बोलावणं येईल की नाही ते साहेबाच्या हातात. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त भीती त्यांनाच विचारायचं नाही, वा!

दुसरी गंमत मुख्यालयाची. २०१९ मध्ये ठरलं की वॉशिंग्टनमधून मुख्यालय हलवून कोलोराडोच्या ग्रँड जंक्शनला न्यायचं, जमिनीजवळ ऑफिस हवं म्हणून. ऐकायला बरं वाटतं, पण ज्यांच्या पोस्ट हलवल्या त्यांच्यातल्या २८७ जणांनी एकतर नोकरी सोडली नाहीतर रिटायरमेंट घेतली, ४१ जण बदलीच्या जागी गेले आणि खुद्द ग्रँड जंक्शनला तिघं. मुख्यालयातल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली, हे २०२१ च्या सरकारी ऑडिटमध्ये आहे. त्याच वर्षी मुख्यालय परत वॉशिंग्टनला न्यायचं जाहीर झालं पण गेलेले लोक थोडेच परत येतात. आता यानंतर उरलेल्यांचा सर्व्हे घेतला आणि समजा समाधान वाढलेलं दिसलं, तर त्यातून काय घ्यायचं? नाराज होते ते यादीतच नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की अशा खात्याचा अभ्यास करायचा तर आधी सोडून गेलेल्यांची यादी मिळवा, त्यांना फोन लावा, सीझनल लोकांना सीझन संपल्यावर भेटा (चालू असताना कोणी तोंड उघडणार नाही), लांबच्या पोस्टिंगवर कोणाला पाठवतात आणि बढती कोणाला मिळते ते शेजारी शेजारी ठेवून बघा. सर्व्हेचे पाय चार्ट काढण्यापेक्षा हे काम जास्त आहे, वेळखाऊ आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी केंद्र सरकारातले डायव्हर्सिटीचे सगळे कार्यक्रम बंद करायचा आदेश काढल्यापासून तर खात्याच्या आतून मदत मिळणं अवघडच.

तुम्हाला एक विनंती, यापुढे "इतके टक्के कर्मचारी खूश" अशी बातमी आली की त्याच बातमीत फॉर्म किती जणांना दिला, किती जणांनी भरला आणि कोणाला दिलाच नाही, या तीन गोष्टी पण छापा. नसतील मिळत तर नाहीत मिळाल्या असं छापा.

आपली,
एक नियमित वाचक