पीडी (पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे पोटातून केलं जाणारं डायलिसिस) कॅथेटर वाचवणाऱ्या, आणि वेळीच काढणाऱ्या सर्जन मॅडमना

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

'डायलिसिसचं पाणी दोन लिटर आत गेलं, बाहेर आलं जेमतेम आठशे मिली,' असं कळवलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: 'पेशंटचं पोट साफ झालंय का?' आधी या प्रश्नाबद्दल आभार. आतडी मळाने भरली की कॅथेटरची, म्हणजे पोटात बसवलेल्या नळीची, भोकं दाबली जातात किंवा टोक ओटीपोटातून वर सरकतं. पोट साफ करणारं लॅक्ट्युलोज, फार तर एनिमा, एवढ्यावर कितीतरी कॅथेटर पुन्हा चालू होतात. मग टोक कुठे आहे हे बघायला एक्स-रे. पाण्यात फायब्रिनचे (गोठणाऱ्या प्रथिनाचे) धागे दिसले तर लिटरमागे ५०० युनिट हेपॅरिन, म्हणजे गोठू न देणारं औषध. तरीही ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर येणं, अडला तरच दुर्बिणीची शस्त्रक्रिया.

आत बहुतेकदा ओमेंटम, म्हणजे पोटातला चरबीचा पडदा, भोकांत शिरून कॅथेटरला गुंडाळून बसलेला असतो. नुसती तार घालून टोक सरळ केलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत पुन्हा तेच, कारण पडदा जागचा हललेला नसतो. तुम्ही तो सोडवून वर पोटाच्या भिंतीला टाक्याने अडकवता. नवा कॅथेटर असेल तर पोटाच्या पुढच्या रेक्टस स्नायूच्या आवरणातून तिरका खाली नेता, म्हणजे टोक ओटीपोटाकडेच राहतं. आणि टेबलावर पाणी सोडून ड्रेनची धार सलग आल्याशिवाय पोट बंद करत नाही. (ही पाच मिनिटं वाचवणारे पुढे आमचे पाच दिवस घेतात.)

बाहेरचा कफ (नळी त्वचेखाली धरून ठेवणारी कापडी पट्टी) एक्झिट साइटशी, म्हणजे नळी त्वचेतून बाहेर येते तिथे, डोकावू लागला आणि इन्फेक्शन तेवढ्यापुरतंच असलं, तर नळीला ब्लेड न लागू देता तो खरवडून काढायचं कसबही तुमचंच.

पण खरे आभार काढलेल्या कॅथेटरचे. बुरशीचा पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या अस्तराचं इन्फेक्शन) म्हटलं की तुम्ही कॅथेटर काढायला थांबत नाही. योग्य अँटिबायोटिक चालू असूनही पाच दिवसांत द्राव निवळला नाही, त्यातल्या पांढऱ्या पेशींचा आकडाही उतरला नाही, तरी तेच. तोवर हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्ताचं डायलिसिस. पेरिटोनियम, म्हणजे ते अस्तरच, खराब झालं तर नवा कॅथेटर घालून काय करणार?

एक विनंती. ओमेंटम कुठे टाचलं, कफ कुठे बसला, पहिले दोन आठवडे फिल (एका वेळी आत सोडायचं पाणी) किती आणि पेशंट आडवाच ठेवायचा का, हे ऑपरेशन नोटमध्ये लिहिता तसंच लिहीत राहा. रात्रीच्या ड्युटीला ड्रेसिंग ओलं दिसलं की आधी तेच पान उघडलं जातं.

आपले,
पीडी युनिटमधील सिस्टर आणि टेक्निशियन