उदयभानाची बाजू

ता. खानापूर, जि. बेळगाव
6 फेब्रुवारी

चि. परशुरामास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन कट व्हायच्या आधी तू म्हणालास, शेजारच्या पोस्टवर रात्री फायर आला, पण सगळे ठीक आहेत. आईला मी 'सगळे ठीक आहेत' एवढंच सांगितलं. आक्काला कळलंय, ती बोलणार नाही.

4 तारखेला आपल्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटचा दिवस झाला. 1670 सालचा कोंढाणा, तानाजी, डोणागिरीचा कडा, सगळं पाठ आहे. यंदा मात्र माझा जीव पहिल्यांदाच गडावरच्या लोकांत अडकला. किल्लेदार उदयभानाकडं माणसं काय कमी होती? पण कड्याच्या बाजूनं कोण कशाला येतंय, असंच धरून बसले असणार. तीन वर्षांनी कोंडाजी फर्जंदानं 60 गडी घेऊन पन्हाळा घेतला, तोही रात्रीच. आपण जन्मभर चढणाऱ्यांचे पोवाडे ऐकले, आणि तू बसलायस वर.

म्हणून सांगतो, सोप्या उताराकडं तारा नि हलकी मशीनगन असणारच, पण कड्याकडंही माणूस हवा. संत्री रोज त्याच ठोक्याला बदलू नका, खाली कोणीतरी मोजत असतो. एका अंगाला फायर झाला म्हणून सगळे तिकडंच धावू नका, घुसणारे दुसऱ्या अंगाला असतात. अंधारावर गोळ्या उधळू नका. मदत डोंगर चढून येईपर्यंत आहे त्यातच भागवायचं असतं. आणि पहाटे तीन ते पाच डोळा लागू देऊ नको.

हे तुमच्या साहेबांना माझ्याहून जास्त कळतं. अंधारातलं दाखवणारी दुर्बीण आहे म्हणालास, आमच्याकडं तारेला बांधलेले रिकामे डबे होते. म्हाताऱ्याची बडबड समज, राग धरू नको.

पण तुझी झोप मला ठाऊक आहे की रे. नववीत होतास, भात कापणीला आलेलं. तुला माळ्यावर ठेवून मी घरी जेवायला आलो. परत गेलो तर गवे बांधाच्या आत, अर्धं शेत तुडवलेलं, आणि तू डबा पोटाशी धरून घोरतोयस. डब्यावर बडवायची काठी खाली चिखलात पडलेली. तीच उचलून तुला मारलं. आजी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

तेव्हा सांगायला हवं होतं, ते आता सांगतो. मणिपूरला असताना पहाऱ्यावर माझाही डोळा लागला होता. उस्तादांनी हातातली रायफल काढून नेली तरी मला कळलं नाही. जाग आली तर हात रिकामे. त्यांनी रिपोर्ट केला नाही, चहा पाजला. नंतर नोकरीभर मी पहाऱ्यावर टेकून उभा राहिलो नाही. तुला मारताना तो चहा आठवला नाही मला.

नायक झालास हे गल्लीत सगळ्यांना दोनदा सांगून झालंय. आईनं चिवडा दिलाय. कुंदा मागितलास, पण वाटेत खराब होईल, सुट्टीत ये, मग खा. खोकल्याचं औषध घेतोस का? रात्री खोकल्याचा आवाज लांब जातो, म्हणून विचारलं.

तुझा पहारा कितीला असतो ते कळव. पत्रात लिहायचं नसेल तर नको लिहू. तीनला मला जाग येतेच.

तुझे,
बाबा