बोंबलाचा पत्ता

अर्नाळा,
12 नोव्हेंबर

प्रिय बाबल,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचलं. मालवणचा समुद्र एवढा दर्यादिल, बांगडा देतो, सुरमई देतो, तारली देतो, मग ताजा बोंबील तेवढा का देत नाही, हा तुझा सवाल आईला वाचून दाखवला. "त्याला सांग, तुमचं पाणी फार निवळ आहे," एवढंच म्हणाली आणि मासळी निवडायला बसली. बाई शाळेत गेलेली नाही, पण उत्तर बरोबर आहे.

बोंबलाला गढूळ, गाळाचं आणि जोराच्या ओढीचं पाणी लागतं. मुंबईला मोठ्या उधाणात भरती साडेचार मीटरच्या वर चढते, आणि खंबातच्या आखातात भावनगरकडे तर त्याच्या दुपटीच्या आसपास. नर्मदा-तापीचा गाळही तिथेच येऊन पडतो. म्हणून बोंबलाचं खरं माहेर जाफराबाद, नवाबंदर, राजपरा ही सौराष्ट्राची बंदरं आणि तिथून खाली डहाणू, सातपाटी, वसई, वर्सोव्यापर्यंतचा किनारा. गुजरातमध्ये तो आमच्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतो, कबूल करायला जिवावर येतं, पण आहे. रत्नागिरीच्या खाली तो विरळ होतो. तुमच्याकडे, कर्नाटकात, केरळात जवळजवळ नाहीच. गंमत पुढे आहे. सगळं दक्षिण टोक सोडून हा पठ्ठ्या उत्तर आंध्र, ओडिशा, बंगालच्या किनाऱ्यावर पुन्हा हजर! तिथेही नद्यांची मुखं आणि गढूळ पाणी. बंगाली त्याला लोट्टे म्हणतात, आणि चितगावकडे तो सुकवून खाण्याची तर आमच्याइतकीच हौस.

तुम्ही किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढता, आम्ही समुद्रात डोल जाळं मांडतो. समुद्राच्या तळात खुंट रोवलेले असतात, त्यांना शंकूसारखी लांबलचक पिशवी बांधायची, तोंड प्रवाहाकडे. ओढ येते, मासळी आत ढकलली जाते आणि शेवटच्या बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, खोल्यात जमा होते. पाणी वाहत असताना ती उचलता येत नाही. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी उभं राहिलं की तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हाक देतो आणि तेवढ्यात सगळं उरकायचं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीच्या, दिवसांत ओढच नसते, तेव्हा होड्या किनाऱ्याला. आमच्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेआधी तिथी बघतात, ते यासाठी.

पावसाळी बंदी संपून नारळी पौर्णिमा झाली की हंगाम धरतो आणि जानेवारीपर्यंत जोर राहतो. परवा खोला सोडला तेव्हा जवळा, मांदेली, करंदी, दोन-चार वाकट्या आणि मधे गुलाबी-राखाडी लिबलिबीत बोंबलांचा ढीग. एक मोठा बोंबील चिरला तर पोटात जवळा आणि त्याच्याच जातीचं बोटभर पोर! आपलीच पिल्लं खातो हा. तोंड केवढं, आणि दात आत वळलेले, गिळलेलं परत सुटायचं नाव नाही.

ते दातच बायकांच्या उपयोगी पडतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा की झाली जोडी. ती वलांडीच्या, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवाच्या, दोरीवर टांगायची. आईचे हात इतके भराभर चालतात की बघताना जोडी कधी झाली कळत नाही. अंगात बहुतेक पाणीच, त्यामुळे दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात तो काडीसारखा होतो. आणि नेमका तेव्हा अवकाळी शिंतोडा पडला, की सगळा माल कवडीमोल. गेल्या वर्षी आमची अख्खी वलांडी अशीच गेली.

मला मात्र पावसापेक्षा खोल्याची जास्त काळजी वाटते. आस बारीक, म्हणून बोटभर बोंबीलही त्यात येतात आणि कवडीच्या भावात मच्छीच्या पिठासाठी जातात. 2023 साली सरकारने 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. चांगलं केलं. पण डोल काही लांबी मोजून मासा आत घेत नाही. खोल्याचा आस मोठा केला तर जवळा निसटतो, आणि जवळ्यावर तर कित्येकांची चूल चालते. आमच्याकडे यावरून बैठकीत दोन तट पडतात. मी आस वाढवावा या बाजूचा, धाकटा भाऊ विरुद्ध. घरात जेवताना हा विषय काढायचा नाही असं आईने बजावलंय.

तुझ्या भाच्याबरोबर सुक्या बोंबलाची जुडी पाठवतोय. ताजा खायचा असेल तर इथेच ये, कारण हा मासा वाटेत टिकत नाही. डोकं काढून, चिरून, पाट्यावर वजनाखाली दाबून पाणी काढलं आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळला, की मग सुरमईचं कौतुक कर. येताना कोकम आण, आणि यंदा तारली कशी आहे ते कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मोरेश्वर