दोष ज्योतीच्या फोडणीचा नाही

पुणे

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार.

हार्ट अटॅकनंतर तुझा भाऊ सतीश घरी आला, अंगणात फेऱ्या मारतोय, भूक लागतेय, हे वाचून जीव भांड्यात पडला. तू पाठवलेले सगळे रिपोर्ट नीट वाचले. फोनवर बोलता आलं असतं, पण तुला हे पुन्हा वाचता यावं, घरात दाखवता यावं म्हणून सविस्तर लिहितेय.

तुझ्या निरोपातलं एक वाक्य मला फार लागलं. भेटायला येणारी माणसं त्याच्या बायकोच्या, ज्योतीच्या देखत म्हणतात, ‘घरात तेलतूप जरा हात राखून वापरायला हवं होतं.’ ती ऐकून घेते आणि रात्री रडते. नंदा, हे आधी थांबव. सतीशच्या रिपोर्टात जे दिसतंय त्याचा ज्योतीच्या फोडणीशी संबंध नाही. हे मी तिची समजूत काढायला म्हणत नाही. बायोकेमिस्ट्री शिकवण्यात माझी उमर गेली, त्या जोरावर म्हणतेय.

तू विचारलंस, ‘बारीक अंगाचा, तंबाखू नाही, दारू नाही, रोज शेतावर चालत जाणारा, मग बेचाळिसाव्या वर्षी याला अटॅक कसा?’ लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या कागदावर एलडीएल, ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते, ११८ आहे, समोर ‘नॉर्मल’ छापलंय. त्या कागदापुरतं बघितलं तर खरंच कोडं वाटतं. पण डॉक्टरांनी नंतर एक वेगळी तपासणी करून घेतली, तो वेगळा कागद तू सगळ्यात शेवटी पाठवलास. लिपोप्रोटीन-ए, १३२ मिलिग्रॅम. हे ५० च्या आत असायला हवं. उत्तराचा मोठा भाग तिथे आहे.

तेल पाण्यात विरघळत नाही आणि रक्त म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणून शरीर चरबी आणि कोलेस्टेरॉल प्रथिनाच्या वेष्टनात बांधून रक्तातून फिरवतं. एलडीएल हा त्यातला एक कण. त्याच्या प्रत्येक कणावर अपो-बी नावाचं प्रथिन एक आणि एकच असतं. म्हणून अलीकडे जाणकार म्हणतात की माल, म्हणजे कोलेस्टेरॉल, किती आहे हे तोलण्यापेक्षा रस्त्यावर तो वाहणाऱ्या गाड्या, म्हणजे कण, किती आहेत ते मोजा, म्हणजे अपो-बी मोजा. धमनीच्या अस्तरात घुसतात ते हे कणच. तिथे अडकले की शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला येतात, सूज धरते, थर जमतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि रक्त अडतं. सतीशचं त्या पहाटे हेच झालं.

आता लिपोप्रोटीन-ए. हा कण जवळपास एलडीएलसारखाच, फक्त त्याच्या अपो-बीला आणखी एक लांबलचक प्रथिन जोडलेलं असतं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ साली तो शोधला. तरी पुढची कितीतरी वर्षं दवाखान्यांत त्याची फारशी विचारपूस झाली नाही. एक कारण असं, की प्रयोगशाळेतल्या उंदरात हा कण नसतोच, त्यामुळे अभ्यास रेंगाळला. दुसरं कारण, तो कमी करणारं औषध हाताशी नव्हतं. मग मोजून करायचं काय, असा विचार. मला तो विचार कधी पटला नाही, आणि सतीशसारखी माणसं बघितली की अजिबातच पटत नाही. मोजलं असतं तर बाकीचे धोके आधीच आवळून धरता आले असते.

या कणावर ऑक्सिडाइज झालेले फॉस्फोलिपिड, म्हणजे एक प्रकारचे खवट झालेले मेद, मोठ्या प्रमाणात चिकटलेले असतात. ते धमनीत सूज पेटवतात. हृदयाच्या महाधमनीची झडप कडक होण्यातही या कणाचा हात आहे, हे २०१३ नंतर जनुकीय अभ्यासांतून स्पष्ट झालं. म्हणून सतीशच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डॉक्टर झडपेकडेही बघतील. घाबरू नकोस, ते नुसतं लक्ष ठेवणं आहे.

ज्योतीसाठी महत्त्वाची गोष्ट पुढची. हा कण रक्तात किती असावा हे मुख्यतः एका जनुकावरून ठरतं. ते जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यात एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि किती वेळा येतो ते माणसागणिक वेगळं असतं. तुकडे कमी असले की प्रथिन आखूड होतं आणि यकृत ते जास्त प्रमाणात रक्तात सोडतं. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत पातळी साधारण ठरून जाते आणि पुढे आयुष्यभर तिथल्या तिथेच राहते. तूप सोडा, उपास करा, पळा, योगासनं करा, तिच्यात जवळजवळ काही फरक पडत नाही. म्हणजे सतीशची पातळी ज्योती तुमच्या घरी यायच्या कितीतरी आधी ठरलेली होती. हे त्या पाहुण्यांना सांग. मोठ्याने सांग.

तुझे बाबा एकोणपन्नासाव्या वर्षी गेले, तेव्हा सगळे म्हणाले की जास्त दगदग झाली. त्या काळी कुणी काही मोजलं नव्हतं, त्यामुळे खात्रीने बोलता येणार नाही. पण सतीशला हे बाबांकडून आलं असण्याची शक्यता मी मनातून काढू शकत नाही.

आणि हे एकट्या सतीशचं नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये आपल्या देशासाठी पहिली लिपिड मार्गदर्शिका काढली. तिच्यात म्हटलंय की आपल्याकडे साधारण २५ टक्के लोकांचं लिपोप्रोटीन-ए ५० मिलिग्रॅमच्या वर आहे. पाश्चात्त्य देशांत हेच प्रमाण १५ ते २० टक्के. प्रत्येकाने आयुष्यात निदान एकदा ही तपासणी करावी असंही त्यात आहे. युरोपच्या तज्ज्ञांनीही २०२२ मध्ये हेच सांगितलं. चारातला एक माणूस, नंदा! आपल्या शाळेच्या वर्गातली बाकं आठव. तरी आजही हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ही तपासणी सहसा नसते, आणि त्याचा मला राग येतो.

‘बारीक माणूस’ या मुद्द्याकडे येते. सतीशचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली साधी चरबी, १९० म्हणजे जास्त आहेत आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं कोलेस्टेरॉल’, ३६ म्हणजे कमी. हा लिपोप्रोटीन-एचा परिणाम नाही, ही दुसरी गोष्ट आहे. तिचा शोध तर आपल्या पुण्याच्या आसपासच लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. वरून किडकिडीत, आतून मेदाचं. मोठेपणीही तेच चालू राहतं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. मी हा फोटो दरवर्षी वर्गात दाखवते. काट्यावरचं वजन बघून ‘तू तर बारीक आहेस’ असं म्हणणं आपल्या लोकांना परवडत नाही. सतीशच्या कमरेचा घेर मोजा, शुगर बघा, रात्रीचा भात जरा कमी करून डाळ-उसळ वाढवा. ट्रायग्लिसराइड उतरतील, कारण ते खाण्याला आणि चालण्याला दाद देतात.

एचडीएल वाढवायच्या गोळ्यांच्या मागे मात्र लागू नका. ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ औषधाने वाढवलं की हृदय वाचेल अशी मोठी आशा होती. टोरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढलंही, पण चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले आणि २००६ साली ती थांबवावी लागली.

तेलतुपाचं म्हणशील तर खाण्याला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. आपल्या अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, त्यामुळे अंड्याच्या बलकाची जी भीती घातली गेली ती अवाजवी होती. पण संतृप्त मेद जास्त झाला की एलडीएल वाढतं, हे खरं. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल बेताने, भातावर चमचाभर तूप, एवढ्याने काही बिघडत नाही. मला खरी भीती आहे ती वनस्पती तुपाची आणि तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापवून केलेल्या तळणाची. त्यांतले ट्रान्स फॅट नावाचे घातक मेद एलडीएल वाढवतात आणि एचडीएल उतरवतात, दोन्हीकडून मार. सरकारने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली, हे फार चांगलं झालं. पण गाड्यावरच्या कढईतलं तेल किती वेळा तापलंय हे कोण बघणार? ज्योती तर घरी ताज्या तेलात फोडणी देते.

आता गोळी. सतीशचा चुलत मेहुणा म्हणे सांगून गेला की स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या त्याच्या गोळीने, लिव्हर जातं, गुडघे जातात, सोडून दे. नंदा, हात जोडून सांगते, हे ऐकू नका. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासून, तांदळावर आलेल्या निळसर हिरव्या बुरशीतून १९७३ साली पहिलं स्टॅटिन काढलं. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. एंडो २०२४ मध्ये गेले. किती घरांतली माणसं त्या एका माणसाने वाचवली असतील! स्टॅटिनने क्वचित स्नायू दुखतात, आणि साखर काठावर असेल तर मधुमेहाची शक्यता थोडी वाढते, हेही खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने कोणतीच गोळी नाही, असं आळीपाळीने ठेवलं. खऱ्या गोळीवर जो त्रास व्हायचा त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरही होत होता. दुखणं खरं होतं, पण बहुतांशी ते भीतीतून आलेलं होतं. म्हणून सतीशला काही दुखलं तर डॉक्टरांना सांगावं, गोळी किंवा डोस बदलून घ्यावा. आपल्या मनाने बंद करू नये.

स्टॅटिनने लिपोप्रोटीन-ए कमी होत नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचा रिपोर्ट बघून धीर सुटेल. तरीही गोळी लागते, कारण एक धोका हलवता येत नसेल तर दुसरा जितका खाली आणता येईल तितका आणायचा. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं. त्याचं ११८ आहे, म्हणजे वाट लांब आहे. एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टर एझेटिमिब, म्हणजे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारी गोळी, जोडतील. त्यानेही नाही झालं तर पीसीएसके-९ नावाचं एलडीएल वाढवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं आहेत. खर्च मोठा आहे, पण आपल्याकडे मिळतात.

त्या इंजेक्शनांमागची हकीकत मला फार आवडते. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही घराण्यांत पीसीएसके-९ बनवणारं जनुक गरजेपेक्षा जास्त काम करतं आणि त्यांचं कोलेस्टेरॉल भयंकर वाढतं, असं दिसलं. मग अमेरिकेत डॅलसला हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा शोध घेतला: हे जनुक बिघडलेली माणसं कशी असतात? काही कृष्णवर्णीय लोकांत त्याच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतःच बंद होती. त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयविकाराचं प्रमाण तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. एका बाईच्या तर दोन्ही प्रती बंद होत्या, तिचं एलडीएल १४ होतं, आणि ती ठणठणीत होती. जन्मापासून एलडीएल कमी राहिलं तर केवढं संरक्षण मिळतं, हे त्यातून कळलं. औषधं त्यानंतर दहा वर्षांच्या आत आली.

लिपोप्रोटीन-एवरही आता तसंच काम चालू आहे. यकृतात ते प्रथिन बनवण्याचा जो आरएनए निरोप जातो तो मध्येच अडवायचा. पेलाकार्सेन, ओल्पासिरान, लेपोडिसिरान अशी नावं तुझ्या कानावर येतील. यातल्या काहींनी पातळी ९० टक्क्यांहून अधिक खाली आणून दाखवली आहे. पेलाकार्सेनच्या मोठ्या चाचणीत ८,३०० हून जास्त रुग्ण आहेत. आकडा उतरणं वेगळं आणि अटॅक टळणं वेगळं. टोरसेट्रॅपिबने तो धडा दिलाय. म्हणून अशा चाचण्या लागतात. पण सतीश तरुण आहे, आणि मला मनापासून आशा वाटते की त्याला हे औषध वापरायला मिळेल.

आता तुझं काम. सतीशच्या दोन्ही मुलांची आणि तुझी लिपोप्रोटीन-ए तपासणी करून घ्या. प्रत्येक मुलाला हे मिळालं असण्याची शक्यता साधारण निम्मी. उपाशीपोटी जायची गरज नाही, आणि एकदाच करायची आहे. रिपोर्टवरचं एकक बघ: काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये, ५० मिलिग्रॅम म्हणजे साधारण १२५ नॅनोमोल. जास्त निघालं तर रडारड नको. मुलांनी तंबाखू-सिगारेटला शिवायचं नाही, बीपी, साखर आणि एलडीएल वेळच्या वेळी बघायचं. आणि तुझी मिशेरी, नंदा. कॉलेजपासून सांगतेय. आता तरी सोड.

सगळ्यांचे रिपोर्ट आले की फोटो काढून मला पाठव, मी वाचून लगेच फोन करते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे येणारच आहे, तेव्हा सतीशच्या औषधांची चिठ्ठी काढून ठेव. आणि ज्योतीला म्हणावं, मी आले की मला तिच्या हातचं भरलं वांगं हवंय, नेहमीसारखं.

आईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मीना