कादंबरीतील मन आणि पडद्यावरील माणसे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कादंबरीवर आधारलेल्या मालिकांची परीक्षणे मराठी वृत्तपत्रांतून आता नियमाने येतात, आणि त्यांत मूळ पुस्तकाशी तुलना करण्याची वेळ आली की ती बहुधा एकाच पद्धतीने होते. कोणते पात्र गाळले, कोणता प्रसंग बदलला, कोणाचे लग्न भलत्याच व्यक्तीशी लावून दिले, याची मोजदाद लग्नघरातली भाड्याची भांडी परत करताना करतात तशी केली जाते आणि भांडी कमी भरली की रूपांतर फसले असे जाहीर होते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही काल्पनिक राज्यांतील सत्तासंघर्षाची मालिका अलीकडे पुन्हा पहिल्यापासून पाहताना, ज्या कादंबऱ्यांवर ती उभी आहे त्या मी शेजारी ठेवून पुन्हा वाचत गेले, आणि ही मोजदाद मुळात चुकीच्या जागी चालली आहे असे माझे मत झाले. (मालिका २०१९ साली संपली आहे, त्यामुळे पुढे कथानक उघड होत असल्याबद्दल वाचकांनी रागावू नये.)

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेचे पहिले पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्यातील प्रास्ताविक सोडल्यास प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचे नाव आहे आणि त्या प्रकरणात जे काही घडते ते त्या पात्राला दिसेल, कळेल आणि सोसेल तेवढेच आपल्यापर्यंत पोहोचते. अशी पात्रे पहिल्या पुस्तकात आठ आहेत. ज्यांना प्रकरण मिळालेले नाही त्यांच्या मनाचे दार बंदच राहते. उत्तरेचा राजा होऊन लढाया जिंकणाऱ्या रॉब स्टार्कच्या मनात आपण एकदाही शिरत नाही, त्याला आपण आई कॅटलिन हिच्या नजरेने पाहतो. सिंहासनावर हक्क सांगणारा स्टॅनिस आपल्याला कळतो तो मुख्यतः त्याच्या सेवेतील दावोसच्या डोळ्यांनी. सात वर्षांच्या मुलाला मनोऱ्याच्या खिडकीतून ढकलून देणाऱ्या जेमी लॅनिस्टरचा दोन जाडजूड पुस्तके तिरस्कार करून झाल्यावर तिसऱ्या पुस्तकात आपल्याला अचानक त्याच्याच मनात आणून सोडले जाते. त्याची बहीण सर्सी, जिच्याभोवती एवढे राजकारण फिरते, तिला स्वतःचे प्रकरण मिळायला चौथे पुस्तक उजाडावे लागते. कोणाचे मन केव्हा उघडायचे, हे ठरवण्यातच या लेखकाची कारागिरी आहे.

कॅमेऱ्याला असे बंधन नसते. तो कोणत्याही बंद खोलीत शिरू शकतो. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या निर्मात्यांनी सुरुवातीच्या पर्वांत या मोकळीकीचा फार चांगला उपयोग केला. कादंबरीत राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी यांचा संसार आपल्याला राजाचा मित्र आणि रॉबचा बाप नेड याच्या कानांवर आलेल्या भांडणांतून आणि त्याच्या देखत उगारलेल्या हातातून समजतो. दोघे एकटे असताना काय बोलत असतील हे पुस्तक सांगूच शकत नाही, कारण तिथे पाहणारे कोणी नाही. पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात मार्क ॲडी आणि लेना हेडी एका खोलीत बसून आपल्या मोडलेल्या लग्नाविषयी, जवळजवळ थट्टेच्या सुरात, बोलतात. मूळ पुस्तकात या संवादाचा मागमूस नाही, तरी संपूर्ण मालिकेतील उत्तम प्रसंगांत मी त्याची गणना करीन. दुसऱ्या पर्वात नेडची धाकटी मुलगी आर्या ही जेमी-सर्सीचा बाप टायविन लॅनिस्टर याची साकी होते. पुस्तकात ती रूज बोल्टन या सरदाराची साकी आहे. मोजदाद करणाऱ्याने येथे निश्चितच फुली मारली असती. प्रत्यक्षात या बदलामुळे चार्ल्स डान्स आणि मेसी विल्यम्स समोरासमोर आले, आणि ज्याच्या मनात पुस्तक कधी शिरत नाही तो टायविन एका लहान मुलीशी बोलताना थोडा तरी उघडा पडला.

जे पुस्तकात मुळातच बोलून दाखवलेले आहे, ते पडद्यावर सुखरूप पोहोचते. हॅरनहॉल किल्ल्याच्या स्नानगृहात जेमी ब्रिएन या स्त्री-योद्ध्याला आपण राजा एरिसला का मारले ते सांगतो, ते दृश्य तिसऱ्या पर्वात जवळजवळ मुळाबरहुकूम आले आहे आणि निकोलाय कोस्टर-वाल्डाऊ यांनी ते गाजवले आहे. अडचण येते ती पात्र जे कोणाजवळही बोलत नाही त्याची.

आर्याची मोठी बहीण सान्सा हिचे उदाहरण घ्या. ब्लॅकवॉटरच्या लढाईच्या रात्री राजघराण्याचा अंगरक्षक सँडोर क्लेगेन तिच्या खोलीत येतो, गळ्याशी सुरी धरून गाणे म्हणायला लावतो आणि निघून जातो. पुढच्या पुस्तकांत मात्र तिला आठवते की त्या रात्री त्याने तिचे चुंबन घेतले होते. वाचक गोंधळून मागची पाने चाळतो, तर तेथे असे काही घडलेलेच नसते. हा विसराळूपणा लेखकाचा नसून सान्साचा आहे, आणि तो हेतुपुरस्सर असल्याचे मार्टिन यांनी सांगितले आहे. एका भेदरलेल्या मुलीचे मन आपल्याच आठवणी कशा दुरुस्त करून घेते, हे त्यातून कळते. पहिल्या वाचनात हे माझ्या लक्षातही आले नव्हते. पुनर्वाचनाची खरी मिळकत ती हीच. मालिकेत ती रात्र आहे, पण गाणे नाही आणि नंतरची खोटी आठवणही नाही. प्रेक्षकाने जे डोळ्यांनी पाहिले तेच घडले असे तो धरून चालतो, त्यामुळे असा चकवा पडद्यावर आणणे अवघड आहे हे मला मान्य आहे. म्हणून हे गाळल्याचा राग मला येत नाही.

राग येतो तो जेमीचा धाकटा भाऊ टिरियन याच्या बाबतीत. पहिल्या पर्वात तंबूत बसून तो आपल्या पहिल्या बायकोची, टायशाची, हकीकत सांगतो: ती पैसे देऊन आणलेली वेश्या होती असे भावाने कबूल केले आणि वडिलांनी तिची विटंबना करवली. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी त्याला तुरुंगातून सोडवताना जेमी सांगतो की ते कबुलीचे बोलणे वडिलांच्या सांगण्यावरून केलेले खोटे होते; टायशाचे त्याच्यावर खरोखर प्रेम होते. त्यानंतर टिरियन वडिलांच्या खोलीकडे जातो आणि तिचे पुढे काय झाले ते विचारतो, आणि या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरातून पितृहत्या घडते. चौथ्या पर्वात जेमी भावाला मिठी मारून निरोप देतो आणि हा कबुलीजबाब गाळला जातो. हत्या तीच, आडधनुष्य तेच. परंतु टिरियन सुटकेची वाट सोडून वडिलांच्या खोलीकडे का वळतो, याचे कारण उरत नाही. जे बीज पटकथेने स्वतःच पेरले होते त्याचे पीक तिने काढले नाही. पाचव्या पुस्तकातील टिरियन कडवट, मद्यपी आणि कधी कधी किळसवाणा आहे. मालिकेतील टिरियन त्याच काळात शहाणा सल्लागार होऊन बसतो. दोघांमधील अंतर त्या गाळलेल्या चार वाक्यांपासून सुरू होते.

आठव्या पर्वात शरणागतीच्या घंटा वाजल्यावरही सिंहासनावर हक्क सांगणारी, ड्रॅगन बाळगणारी राणी डेनेरिस राजधानी जाळते, त्यावर ‘घाई झाली’ अशी टीका सर्वत्र झाली. शेवटच्या दोन पर्वांत मिळून १३ भागच होते, तेव्हा घाई झालीच. तरीही पाचवे पुस्तक पुन्हा वाचताना मला त्यात दुसरेच काही दिसले. तिने जिंकलेल्या मीरीन शहराच्या दरबारात एक बाप आपल्या मुलीची जळलेली हाडे घेऊन येतो. मुलीचे नाव हझिया. ड्रॅगनने तिला मारले आहे, आणि डेनेरिस त्या नावाच्या ओझ्याखाली आपल्या दोन ड्रॅगनांना कोंडते. पुस्तकातील तिच्या अखेरच्या प्रकरणात ती गवताळ प्रदेशात आजारी, उपाशी भटकत असते, तिला भास होत असतात, आणि त्या मुलीचे नाव काही केल्या तिला आठवत नाही. त्याचे तिला दुःख होते, पण नाव आठवत नाही ते नाहीच. एका राणीची सदसद्विवेकबुद्धी सुटत चालल्याची याहून भयंकर खूण मी क्वचितच वाचली असेल. मालिकेतही जळलेली हाडे घेऊन आलेला बाप आहे आणि साखळदंडात अडकवलेले ड्रॅगनही आहेत. परंतु स्मरण आणि विस्मरण यांचा धागा पुढे नेलेला नाही. एमिलिया क्लार्क यांचा चेहरा जेवढे सांगू शकतो तेवढे त्यांनी सांगितले. जे लिहिलेच गेले नाही ते अभिनयाने कोठून आणावे?

निर्मात्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मालिका एप्रिल २०११ मध्ये सुरू झाली आणि पाचवे पुस्तक त्याच वर्षी जुलैमध्ये आले. सहावे अद्याप आलेले नाही. अपुऱ्या कथेचा शेवट करण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांना पूर्ण पुस्तकाची फूटपट्टी लावणे अन्यायाचे होईल. आणि फूटपट्टी प्रत्येक पुस्तकाला सारखी चालतही नाही. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ ज्या २०१८ सालच्या ग्रंथावर आधारलेली आहे, तो एका काल्पनिक इतिहासकाराने परस्परविरोधी साक्षी जुळवून लिहिलेला इतिहास म्हणून सादर केला आहे, आणि त्या साक्षीदारांत दरबारातला एक अचकटविचकट बोलणारा विदूषकही आहे. तेथे पात्रांची मने मुळातच मिटलेली आहेत. त्यामुळे ती उघडणे हेच पटकथाकाराचे काम ठरते, आणि ‘पुस्तकात असे नाही’ हा आक्षेप तेथे जवळजवळ निरर्थक होतो.

म्हणून आपल्या पुरवणीच्या परीक्षकांना माझी विनंती आहे की, कादंबरीवरील मालिकेविषयी लिहिताना गाळलेल्या पात्रांची यादी दोन ओळींत उरकावी आणि राहिलेली जागा एखाद्याच प्रकरणासाठी व त्यावरून घेतलेल्या एखाद्याच दृश्यासाठी द्यावी. पात्राला जे ठाऊक होते, त्याने जे लपवले किंवा ते जे विसरले, त्याचे पडद्यावर काय झाले, हे त्या दोन्हींना शेजारी ठेवून दाखवावे. सुरुवात सर्सीपासून करता येईल. मालिकेत ती रॉबर्टपासून झालेल्या आणि तापाने दगावलेल्या पहिल्या मुलाविषयी कॅटलिनजवळ हळवेपणाने बोलते. पुस्तकात ती नेडला सांगते की रॉबर्टचा गर्भ तिने पाडून घेतला होता. या एका बदलाने लेना हेडी यांची सर्सी पुढे आठव्या पर्वापर्यंत कशी वेगळी घडत गेली, यावर सविस्तर लेख वाचायला मला आवडेल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक, नाशिक