काका, तुम्ही फाडलेल्या रुमालासाठी

काका,

समोर आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) पिशव्या लावलेली खोली उन्हाळ्यात तापली, तेव्हा मी कुणाकुणाला विचारलं नाही! यंत्रं विकणाऱ्याने सांगितलं, एसीशिवाय जमणार नाही. अळिंबीचं प्रशिक्षण देणाऱ्या एका गृहस्थांनी कूलर खोलीतच ठेवून दारं-खिडक्या बंद करायला लावली. हवा दमट झाली, गारवा मात्र गेला. वर कार्बन डायऑक्साइड कोंडून लांब दांड्यांच्या, टिकलीएवढ्या छत्र्यांच्या अळिंब्या आल्या. "तुमचं स्पॉनच (अळिंबीचं बियाणंच) खराब," म्हणून ते मोकळे झाले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात आणि कूलरकडे आधी पाहिलंच नाही. खिशातला नवाकोरा रुमाल काढलात, त्याची कड फाडलीत, भिजवून थर्मामीटरच्या फुग्याला गुंडाळलीत. बाहेर सावलीत, पंख्यासमोर तो माझ्याच हातात दिलात आणि पारा थांबेपर्यंत शेजारी उभे राहिलात. ३८ वरून उतरत तो २४ च्या आसपास थांबला. "पाण्याचा कूलर याच्या खाली नेणार नाही. पण तुला कुठे हवंय त्याहून खाली?" धिंगरीला २० ते २८ अंश चालतात हे मला पाठ होतं. बाहेरच्या त्या भाजणाऱ्या कोरड्या हवेतच इतका गारवा काढण्याची सोय आहे, हे मात्र कुणी दाखवलं नव्हतं.

काका, तो रुमाल मला विसरता येत नाही. जाणकार माणसं भेटतात, पण आकडा सांगून टाकण्याऐवजी समोरच्याला तो स्वतः बघू देणारी, त्यासाठी उन्हाळ्यात ताटकळणारी फार थोडी. तुम्हाला तर मला काही विकायचंही नव्हतं.

मग बाहेरची हवा कूलरच्या ओल्या पॅडमधून आत आणि कोंदट हवा समोरच्या भिंतीतून बाहेर, एवढंच करायचं उरलं. खोली २७ वर आली, हवेत ओल राहिली, छत्र्या पसरल्या. पावसाळ्यात हवाच दमट झाली की हा कूलर हात टेकेल, हेही तुम्ही आधीच बजावलंत. असं कोण सांगतं?

पहिल्या तोडणीची टोपली घरी पाठवते आहे. कृपा करून परत पाठवू नका.

तुमची ऋणी