हरकती मागवता, मग त्या दाखवत का नाही?

महोदय,

मसुद्यावर लोकांकडून आलेल्या हरकती व सूचना विचारात घेऊन सरकारने नियम अंतिम केल्याची कालच्या अंकातली बातमी वाचली. हरकती कोणत्या आल्या, कोणत्या मान्य झाल्या, कोणत्या का फेटाळल्या, यावर एक ओळही नाही. बातमीदाराला दोष देत नाही. सरकारने सांगितलेच नसेल तर तो कुठून लिहिणार?

मी हे स्वतः अनुभवले आहे. एका खात्याने नियमांचा मसुदा काढला होता. लाभार्थ्याने दरवर्षी अंगठ्याचा ठसा देऊन ओळख पटवायची, अशी त्यात अट होती. वयाने, कष्टाने ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांनी काय करायचे याचा उल्लेखच नव्हता. तेवढाच मुद्दा मी मुदतीत लेखी कळवला, पर्यायी मजकूरही सुचवला. साधी पोचही आली नाही. अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा ती अट काना-मात्रेचा फरक न होता कायम होती आणि वर ‘प्राप्त हरकती व सूचना विचारात घेण्यात आल्या आहेत’ हे ठरलेले वाक्य. माहिती अधिकारात विचारले, तर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर. हरकती एकत्रच केल्या नाहीत, तर विचारात कशा घेतल्या? माझी हरकत फेटाळली याचा राग नाही. का फेटाळली ते सांगा, एवढेच म्हणणे आहे.

केंद्राच्या 2014 च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणातच (म्हणजे कायदे-नियम करण्याआधी लोकांचे मत घेण्याच्या धोरणात) मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा संकेतस्थळावर द्यावा, असे म्हटले आहे. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. जानेवारी 2025 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांचा मसुदा आला, तेव्हा तर सूचना उघड केल्या जाणार नाहीत हे आधीच जाहीर झाले. कारण काय, तर लोकांना मोकळेपणाने लिहिता यावे. मग नावे झाका आणि मुद्दे छापा! मोठ्या कंपन्यांनी काय मागितले आणि नियमांत काय उतरले, हे आम्ही ताडून पाहायचे कसे?

आणि भाषेचे काय? पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या, नियमांचा 2020 चा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत आणा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. मी हरकत घेतलेला मसुदाही फक्त इंग्रजीत होता. ज्यांना नियम लागू होणार त्यांच्या भाषेत मसुदा ज्या दिवशी निघेल, त्या दिवसापासूनच हरकतींची मुदत मोजली पाहिजे.

आपला,
एक वाचक